शिशाच्या गोळीचें वेष्टन

गेल्या दिवाळींत अमेरिकेंत स्थायिक झालेला माझा एक जुना विद्यार्थी भेटीस आला होता. बोलण्याच्या ओघांत त्यानें आपल्या मोबाइलवर कांहीं छायाचित्रें दाखविलीं. एका पत्र्याच्या ताटलींत तांबड्या, हिरव्या व निळ्या रंगांचे, बोटाच्या पेराहून लहान असे गुळगुळीत मणी ओळीनें उभे करून ठेविलेले दिसत होते. मला ते मुलांच्या खेळांतले वाटले. त्यानें खुलासा केला कीं ह्या बंदुकीच्या गोळ्या असून त्याच्या शेजाऱ्यानें घरीं शिसें वितळवून त्या ओतल्या, रंगीत भुकटींत घोळल्या आणि पाव भाजण्याच्या लहान ओव्हनमध्यें भाजून काढल्या. “सर, आपण आम्हांस काडतुसांचा धडा शिकवीत होतां. ह्या गोळ्यांना चरबी लागत नाहीं,” असें तो हंसत म्हणाला.

तो गेल्यावर हें वाक्य माझ्या मनांतून जाईना. मीं तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकविलें, व गरजेप्रमाणें इतिहासही शिकविला. १८५७ च्या प्रकरणीं मुलांस सांगावयाचें वाक्य ठरलेलें असे : गाईची व डुकराची चरबी लाविलेलें काडतूस शिपायांना दांतांनीं तोडावें लागे. परंतु काडतुसास चरबी लावावयाचीच कशाला, ती त्याच्या कोणत्या भागास लावीत, आणि दांतांनीं तोडावयाचा भाग तोच कीं दुसरा, हे प्रश्न मीं स्वतःस कधीं विचारले नाहींत व एकाही मुलानें मला विचारले नाहींत. आतां सवडीनें त्यांचा शोध घेतां असें दिसून आलें कीं मीं शिकविलेलें वाक्य अर्धेंच खरें होतें. ती दुरुस्ती करणें, व तिच्या अनुषंगानें शिशाच्या गोळीस लोक वेळोवेळीं काय काय गुंडाळीत आले ह्याचा वृत्तांत देणें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

शिशास रसशास्त्रांत ‘नाग’ म्हणतात व कथलास ‘वंग’. नाग ३२७ अंश सेंटिग्रेडला वितळतो, म्हणजे त्यास लोहाराचा भाता लागत नाहीं. घरची चूल, लोखंडी पळी आणि दोन फाळ्यांचा सांचा एवढ्यावर काम भागतें. वजनानें तो पाण्याच्या सव्वाअकरा पट भरतो, त्यामुळें लहानशी गोळीही दूरवर जोर धरून जाते. ‘शुक्रनीतीं’त लघुनालिकेसाठीं शिशाची गोळी सांगितली आहे ती ह्याच गुणांमुळें असावी. (त्या ग्रंथांतील नालिकेच्या व अग्निचूर्णाच्या उल्लेखांवरून प्राचीन काळीं आपल्याकडे बंदुका होत्या असें सिद्ध करूं पाहणाऱ्यांशीं मी सहमत नाहीं. तो भाग अगदीं अर्वाचीन आहे, आणि लल्लनजी गोपाल ह्यांनीं १९६२ सालीं सबंध ग्रंथच एकोणिसाव्या शतकांतला ठरविला आहे.) असो. जो मऊपणा ओतण्यास सोयीचा, तोच गोळी नळींतून जोरानें जाऊं लागली म्हणजे दोष ठरतो. शिसें नळीच्या आंतल्या अंगास घासून तेथेंच चिकटून राहतें. बारामागून बार काढावे तसा त्याचा थर वाढतो, आणि नेम बिघडतो. म्हणून शिसें व नळी ह्या दोहोंमध्यें तिसरी कांहींतरी वस्तु घालण्याची गरज पडते. त्या तिसऱ्या वस्तूचाच हा इतिहास आहे.

जुन्या ठासणीच्या बंदुकींत ही अडचण फारशी जाणवत नसे. तिची नळी आंतून साफ गुळगुळीत असे व गोळी नळीपेक्षां पुष्कळ लहान असे. कंपनीच्या शिपायांच्या हातीं जी चकमकीची बंदूक अनेक वर्षें होती तिच्या नळीचा व्यास सुमारें पाऊण इंच व गोळीचा सुमारें ०.६९ इंच. म्हणजे गोळी नळींत सैल बसे व कडांना ठेचाळत बाहेर पडे; शंभर पावलांपलीकडे तिच्या नेमाचा भरंवसा कोणी धरीत नसे. माझ्या लहानपणीं आमच्या कोंकणांतील गांवीं रानडुकरांपासून शेत राखण्यासाठीं एका घरीं परवान्याची ठासणीची बंदूक होती. आधीं दारू, तिच्यावर चिंधीचा बोळा, मग गोळी, वर पुन्हा बोळा, आणि हें सर्व गजानें ठासावयाचें, असा तिचा क्रम मीं डोळ्यांनीं पाहिला आहे. तो बोळा म्हणजे गोळीच्या वेष्टनाचें अगदीं प्राथमिक रूप होय.

येथें संग्राहकांस एक विनंति करावीशी वाटते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत किल्ल्यावरील दारू आठ-पंधरा दिवसांनीं बाहेर काढून उन्हांत घालावी असें बजावलें आहे. शिशाला अशी निगा लागत नाहीं, तें सर्द होत नाहीं. त्यामुळें दारूगोळ्याच्या याद्या वाचतांना आपलें लक्ष दारूकडे व तोफांच्या गोळ्यांकडे जातें आणि शिशाची ओळ आपण ओलांडून पुढें जातों. ज्यांच्या संग्रहीं अशा याद्या असतील त्यांनीं शिसें मणा-शेरांनीं मांडलें आहे कीं तयार गोळ्या नगानें मांडल्या आहेत, हें अवश्य पाहावें. वजनानें मांडलें असेल तर ज्याच्या त्याच्या बंदुकीच्या मापाप्रमाणें ज्याची त्यानें गोळी ओतावयाची असा व्यवहार संभवतो. नगानें असेल तर एका मापाच्या बंदुका बाळगणारी पलटण त्या ठिकाणीं होती असें अनुमान करण्यास जागा आहे. गारदी व कंपू ह्यांच्या इतिहासास ही एक ओळ उपयोगी पडेल.

‘काडतूस’ हा आपला शब्द पोर्तुगीजांकडून आला. त्यांचा ‘कार्तूशु’ ज्या मूळ शब्दापासून निघाला त्याचा अर्थच कागद असा आहे. तेव्हां काडतूस म्हणजे मूळचें कागदी वेष्टन. एका बाराची मोजलेली दारू व एक गोळी कागदाच्या सुरळींत बांधून ठेवावयाची. युरोपांत सतराव्या शतकांत हीं सुरळीचीं काडतुसें सैन्यांत रुळलीं. एका हातांत बंदूक असल्यामुळें शिपाई सुरळीचें टोंक दांतांनीं फाडी, दारू नळींत ओती व मागाहून गोळी कागदासकट सारी. हें नीट ध्यानांत ठेविलें पाहिजे. बंगालच्या सैन्यांतील ब्राह्मण व रजपूत शिपाई पिढ्यान्‌पिढ्या दांतांनीं काडतूस तोडीत आले होते व त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. कागदास दांत लावणें हा आक्षेपाचा विषय १८५७ पर्यंत नव्हताच.

आतां दुसरी एक धारा पाहूं. नळीच्या आंत पेंचदार खांचा पाडल्या तर गोळी स्वतःभोंवतीं फिरत बाहेर पडते व सरळ जाते, ही गोष्ट जर्मनींतील कारागिरांस सोळाव्या शतकापासून ठाऊक होती. अशा बंदुकीस आपण रायफल म्हणतों. परंतु खांचांत अडकावयाची तर गोळी घट्ट बसली पाहिजे, आणि तोंडाकडून भरावयाची तर ती सैल असली पाहिजे. हा विरोध कसा मिटवावयाचा? त्यावर काढलेली युक्ति फार साधी होती. गोळी किंचित् लहान ओतावयाची व तेल किंवा चरबी लाविलेल्या कापडाच्या अगर चामड्याच्या चकतींत गुंडाळून आंत घालावयाची. कापड खांचांत शिरतें, गोळीस फिरवितें, आणि शिशाचा नळीशीं स्पर्शच होऊं देत नाहीं. इंग्रजांची १८०० सालची बेकर रायफल व अमेरिकेंतील वसाहतवाल्यांच्या लांब रायफली ह्याच तऱ्हेनें भरीत. त्यांच्या दस्त्यांत ह्या चकत्या ठेवण्यासाठीं पितळी झांकणाची लहानशी डबी बसविलेली असे. ती डबी कशासाठीं, हें जुन्या बंदुका बाळगणाऱ्या मंडळींसही पुष्कळदां ठाऊक नसतें. भरण्यास मात्र वेळ लागे, म्हणून ह्या रायफली निवडक टोळ्यांच्याच हातीं राहिल्या.

१८४९ सालीं फ्रान्सांत मिनिए ह्या अधिकाऱ्यानें ही अडचण दूर केली. त्याची गोळी गोल नव्हे, लांबट व टोंकदार, तळाशीं पोकळ. बार उडाला म्हणजे दारूच्या दाबानें तळ फुलतो व खांचांत घट्ट बसतो. भरतांना सैल, सुटतांना घट्ट. इंग्रजांनीं ही कल्पना उचलली व १८५३ सालीं ०.५७७ इंच नळीची एन्फील्ड रायफल निघाली. तिची गोळी आरंभीं ०.५६८ इंचांची, वजनानें ५३० ग्रेन, म्हणजे सुमारें तीन तोळे. नळी आणि गोळी ह्यांमध्यें इंचाच्या हजार भागांपैकीं नऊ भाग एवढेंच अंतर उरलें व त्या अंतरांत कागदाचें वेष्टन बसवावयाचें होतें. दोनचार बार होऊन नळींत दारूची काजळी धरली म्हणजे कोरडा कागद खालीं उतरेना. वंगण अवश्य झालें तें येथें.

एन्फील्डच्या काडतुसाची रचना शब्दांत सांगावयाची तर अशी : कागदाच्या सुरळींत एका टोंकाला दारू, दुसऱ्या टोंकाला गोळी. वंगण लागत असे तें गोळीच्या टोंकाच्या बाहेरल्या कागदास. शिपायानें दारूकडील टोंक फाडून दारू नळींत ओतावयाची, मग काडतूस उलटें करून वंगण लाविलेली बाजू नळीच्या तोंडांत घालावयाची, वर उरलेला रिकामा कागद तोडून टाकावयाचा, आणि गोळी तिच्या कागदी वेष्टनासह गजानें तळाशीं दाबावयाची. म्हणजे दांत लागत ते एका टोंकास आणि चरबी असे ती दुसऱ्या टोंकास. तीस वर्षें मीं हीं दोन टोंकें एक करून शिकविलीं.

ह्यावरून शिपायांचा आक्षेप खोटा होता असा निष्कर्ष कोणी काढील तर तो मात्र फसेल. कांहीं इंग्रज लेखकांनीं तसा सूर लाविलेला आहे. पहिली गोष्ट अशी कीं चरबी लाविल्या जागीं राहत नाहीं. हिंदुस्थानच्या उन्हाळ्यांत ती पातळ होते व कागदांतून पसरते. खुद्द सरकारास ही शंका होती. १८५३ सालीं वंगण लाविलेलीं काडतुसें विलायतेहून मुद्दाम पाठविलीं तीं येथील हवेंत वंगण कसें टिकतें हें पाहण्यासाठींच. कलकत्ता, कानपूर व रंगून येथें तीं ठेवून, शिपायांच्या कमरेच्या पिशव्यांतूनही वागवून, त्यांची परीक्षा घेण्यांत आली. दुसरी गोष्ट, गोळी नळींत घालतांना तें टोंक बोटांनीं धरावेंच लागतें. धर्मशास्त्रांत भक्षणाचा दोष निराळा व स्पर्शाचा निराळा हें खरें. परंतु बोटें तुपकट झालेला शिपाई त्याच हातांनीं पुढचें काडतूस तोंडाजवळ नेणार, हें उघड आहे. रचना जाणणाऱ्यास दोन टोंकें वेगळीं दिसतात. कवाइतींत उभ्या राहिलेल्या माणसास तीं वेगळीं राखतां येत नाहींत.

आणि चरबी कशाची? ह्या प्रश्नास वेळीं उत्तर दिलें असतें तर पुढचें सर्व टळलें असतें असें मी म्हणत नाहीं. १८५७ चीं कारणें अनेक होतीं व तीं सर्वश्रुत आहेत. तथापि ह्या एका प्रश्नाची जी हेळसांड झाली ती विलक्षण आहे. १८५३ च्या डिसेंबरांतच बंगाल सैन्याचा ॲडज्युटंट जनरल कर्नल टकर ह्यानें लष्करी बोर्डास लिहिलें होतें कीं वंगणांत जातीस बाध आणणारें कांहीं नाहीं अशी खात्री असल्याशिवाय हीं काडतुसें देशी पलटणींच्या हातीं देऊं नयेत. तें पत्र बोर्डाच्या दप्तरांत पडून राहिलें, सरकारपर्यंत पोहोंचलेंच नाहीं. दप्तरें चाळणाऱ्या आपल्या मंडळींस ह्या गोष्टीचें नवल वाटणार नाहीं! पुढें चौकशी झाली तेव्हां दारूगोळ्याच्या खात्याचा मुख्य कर्नल ॲबट ह्यासही एवढेंच म्हणतां आलें कीं त्या चरबींत गाईची किंवा अन्य जनावरांची चरबी असूं शकेल. अमुक जनावराची घ्या, अमुक टाळा, अशी ताकीद चरबी पुरविणाऱ्यास कोणी दिलीच नव्हती.

१८५७ च्या जानेवारींत कलकत्त्याजवळ दमदम येथें नव्या रायफलीचें शिक्षण चालू होतें. तेथील दारूखान्यांतील हलक्या मानल्या जाणाऱ्या जातीच्या एका खलाशानें ब्राह्मण शिपायाजवळ त्याच्या लोट्यांतून पाणी मागितलें, तो नाहीं म्हणाला, आणि खलाशानें तुमची जात आतां फार दिवस राहत नाहीं, गाईची चरबी लाविलेलीं काडतुसें तुम्हांला तोंडानें तोडावीं लागणार, असें सुनावलें. ही हकीकत राइट नांवाच्या अधिकाऱ्यानें २२ जानेवारीस वर कळविली. जनरल हिअर्सी ह्यानें ती तत्काळ पुढें पाठविली; आणि २७ जानेवारीस सरकारनें हुकूम काढला कीं विनावंगणाचीं काडतुसें द्यावीं व शिपायांनीं आपल्याला रुचेल तें वंगण बाजारांतून आणून स्वतः लावावें. ह्यावर मीरतेहून ॲडज्युटंट जनरलची तार आली ती मोठी मासलेवाईक आहे. देशी शिपाई मेंढ्याची चरबी व मेण लाविलेलीं काडतुसें कित्येक वर्षें वापरीतच आहेत, आतां नवी सवलत दिली तर उलट संशय येईल, असें तिचें तात्पर्य. मेंढ्याची चरबी चालते व गाईची चालत नाहीं हा भेद त्यास कळला होता कीं नव्हता, कोण जाणे.

हुकूम निघेपर्यंत संशय वंगणावरून कागदावर गेला होता. ६ फेब्रुवारीस बराकपूर येथें जी चौकशी झाली तींत एका शिपायानें सांगितलें कीं नवा कागद जाळला असतां चरबी असल्यासारखा चरचर आवाज करतो. कागदास चकाकी होती व तो पूर्वीच्या कागदाहून निराळा दिसत होता, हें खरेंच होतें. सरकारच्या रासायनिक परीक्षकानें कागद तपासून त्यांत चरबी नाहीं असा निर्वाळा दिला, तोही खरा असावा. मार्चच्या आरंभीं काडतूस दांतांऐवजीं हातानें फाडावें अशी कवाइतींत दुरुस्ती झाली. पण २६ फेब्रुवारीस बेऱ्हामपूर येथें १९ व्या पलटणीनें जीं काडतुसें नाकारलीं, आणि २४ एप्रिलला मीरतेस घोडदळाच्या ९० स्वारांपैकीं ८५ जणांनीं ज्यांस हात लाविला नाहीं, तीं दोन्ही जुन्या पद्धतीचीं, चरबीचा अंश नसलेलीं होतीं. ९ मे रोजीं त्या ८५ जणांच्या पायांत बेड्या ठोकल्या व १० मे रोजीं जें झालें तें वाचकांस विदित आहे. वेष्टनाची शंका एकदां मनांत शिरल्यावर वेष्टन बदलून ती गेली नाहीं.

आपल्या मराठी वाङ्‍मयांत ह्या काडतुसांचा बोलबाला कसा पसरला होता हें पाहावयाचें तर वरसईच्या विष्णुभट गोडशांचा ‘माझा प्रवास’ पाहावा. त्यांनीं ही हकीकत प्रवासांत कानीं आली तशी लिहिली आहे. तिच्यांत बाजारगप्पांची भर आहे. म्हणूनच ती मला मोलाची वाटते, कारण लोक काय मानीत होते हें सरकारी चौकशींतून कळत नाहीं, अशा लेखनांतून कळतें. चिंतामणराव वैद्यांची १९०७ ची आवृत्ति संस्कारित असल्यामुळें पाठासाठीं दत्तो वामन पोतदारांनीं १९६६ सालीं मूळ हस्तलिखितावरून छापलेली प्रत समोर ठेवणें बरें.

आतां मुख्य मुद्दा सांगतों. एन्फील्डच्या गोळीस चरबी अपरिहार्य होती काय? मुळींच नव्हती. थोड्याच वर्षांत इंग्रजी सैन्यानेंच आपल्या काडतुसांवरील चरबी काढून टाकली व तिच्या जागीं केवळ मधमाशांचें मेण पत्करलें. कारण धर्माचें नव्हतें, धातूचें होतें. चरबी जुनी झाली कीं आंबते. तिच्यांतील आम्लानें शिशावर पांढरा थर चढतो, गोळी जाड होते व ठासतां ठासेना अशी स्थिति येते. ह्याचा अनुभव त्याच बंडाच्या धामधुमींत गोऱ्या पलटणींनींही घेतला, आणि गोळीचा व्यास ०.५६८ वरून ०.५५० इंचांवर उतरवावा लागला. जें मेण २७ जानेवारीच्या हुकुमानें शिपायांस सवलत म्हणून देऊं केलें होतें, तेंच कारागिरीच्या दृष्टीनेंही सरस ठरलें. मुलांस हें कोणीं शिकविलें असल्याचें माझ्या ऐकिवांत नाहीं. मीं तर शिकविलें नाहींच.

पुढील इतिहास थोडक्यांत सांगतां येईल. १८६६ पासून स्नायडर व १८७१ पासून मार्टिनी-हेन्री ह्या मागून भरावयाच्या रायफली आल्या. काडतूस पितळेचें झालें व दांतांचें काम संपलें. तरी मार्टिनी-हेन्रीच्या गोळीभोंवतीं कागद गुंडाळलेला असेच, आणि शिसें कठीण व्हावें म्हणून बारा भाग नागांत एक भाग वंग घालीत. १८८६ सालीं फ्रेंचांनीं बिनधुराची दारू सैन्यांत आणली. तिच्या वेगापुढें कागद, मेण, कथील कांहींच टिकेना, शिसें खांचांत सोलून निघूं लागलें. स्वित्झर्लंडच्या रुबिन ह्यानें त्यापूर्वींच शिशास तांब्याचें कवच घालण्याची युक्ति काढून ठेविली होती, ती सर्व राष्ट्रांनीं उचलली. इंग्रजांच्या ०.३०३ इंची रायफलीची गोळी अशीच कवचाची होती. पण १८९५ च्या चित्रळच्या मोहिमेंत ती शरीरांतून आरपार जाते व माणूस पडत नाहीं अशी ओरड झाली. तेव्हां दमदमच्या कारखान्यांतील कॅप्टन बर्टी-क्ले ह्यानें टोंकाचें कवच काढून शिसें उघडें ठेविलें. ही ‘दमदम गोळी’ आंत जाऊन पसरते व भयंकर जखम करते. १८९९ सालीं हेग येथील परिषदेनें अशा गोळ्यांस मनाई केली. गोळीवर काय लावलें म्हणून ज्या दमदमचें नांव १८५७ त गाजलें, तेंच पुढें गोळीवरून काय काढलें म्हणून जगभर झालें. आज तेथें कलकत्त्याचा विमानतळ आहे.

सैन्यांनीं तांबें पत्करलें तरी अमेरिकेंत घरीं गोळ्या ओतणारे हौशी लोक शिशालाच धरून राहिले, कारण तांब्याचें कवच घरीं चढवितां येत नाहीं. ते गोळीभोंवतीं खांचा ठेवून त्यांत मेणाचें वंगण भरीत; बार काढला कीं त्याचा धूर होई, आणि गोळ्या हातास चिकटत. गेल्या दहापंधरा वर्षांत त्यांनीं जी नवी तऱ्हा उचलली ती माझ्या विद्यार्थ्यानें दाखविली तीच. सायकली, कपाटें, खिडक्यांच्या चौकटी ह्यांवर हल्लीं जो रंग ओल्या रोगणाऐवजीं कोरड्या भुकटीनें चढवितात, त्यास आपल्याकडील कारखान्यांतही ‘पावडर कोटिंग’च म्हणतात. ही विद्या जर्मनींत गेमर ह्यानें १९५० नंतरच्या पहिल्या वर्षांत काढली. हौशी लोक ओतलेल्या गोळ्या व ही भुकटी प्लास्टिकच्या डब्यांत घालून जोरानें हालवितात. घर्षणानें वीज उत्पन्न होते व भुकटी गोळीस चहूंकडून चिकटते. मग गोळ्या एकमेकींस लागणार नाहींत अशा मांडून सुमारें २०० अंश सेंटिग्रेडवर वीसएक मिनिटें भाजतात. भुकटी वितळून एकजीव होते, शिसें मात्र वितळत नाहीं. नागाचा ३२७ अंशांचा आंकडा वर दिलाच आहे. थर इंचाच्या हजाराव्या भागाच्या हिशेबाचा, तरी तेवढ्यानेंही माप वाढतें म्हणून गोळी शेवटीं पोलादी कड्यांतून दाबून काढतात. त्या ओव्हनमध्यें पुन्हा अन्न शिजवावयाचें नाहीं हा त्यांचा दंडक आहे, व तो योग्य आहे. शिशाचें विष मंद पण चिवट असतें. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्रकायद्याप्रमाणें परवान्यावांचून दारूगोळा बनविणें हा गुन्हा असल्यामुळें ही हौस येथें कोणी करूं नये हें सांगावयास नकोच.

शुक्रनीतिकारानें बंदुकीच्या दारूस अग्निचूर्ण म्हटलें. आतां गोळीच्या मागें एक चूर्ण व अंगावर दुसरें, अशी स्थिति आली आहे. ह्या दुसऱ्या चूर्णांत गाय नाहीं, डुकर नाहीं, मधमाशीही नाहीं.

जुन्या वाड्यांतून, किल्ल्यांच्या माचीवरून अगर नांगरटींत सांपडलेल्या शिशाच्या गोळ्या पुष्कळांच्या संग्रहीं आहेत. त्यांबाबत दोन गोष्टी सुचवून हा लेख पुरा करतों. गोळीवरील पांढरट थर घासून काढूं नये; त्यावर कधीं कधीं कापडाच्या विणीचा ठसा उमटलेला असतो, आणि कोणत्या वेष्टनांतून ती सुटली ह्याचा तोच एकमेव पुरावा असतो. तसेंच अशा गोळ्या सागवानी अगर ओक लांकडाच्या पेटींत किंवा साध्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत ठेवूं नयेत. लांकडांतून व पुठ्ठ्यांतून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेनें शिसें खाल्लें जातें व कांहीं वर्षांनीं खोक्यांत पांढरी भुकटी तेवढी उरते. कांचेच्या बरणींत आम्लरहित कागदावर ठेवावें, हाताळल्यावर हात धुवावे, आणि प्रत्येक गोळीचा व्यास, वजन व सांपडल्याची जागा चिठीवर लिहून चिठी बरणीस बांधावी. ज्यांच्याजवळ काडतुसाचा जुना कागद, चकतीचें कापड किंवा गोळीचा सांचा असेल त्यांनीं त्याचें मोजमाप त्रैमासिकाकडे पाठविल्यास तें येथें छापतां येईल.